येरवडा दिल्ली चालवत नाही : फिरत असलेल्या एका दाव्याला मुद्देसूद उत्तर

तुरुंगांबद्दलचा एक लांबलचक मजकूर सध्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत आणि फेसबुकवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : येरवडा, आर्थर रोड, नाशिक रोड ही सगळी ‘सेंट्रल जेल’ आहेत, म्हणजे ती केंद्र सरकारची. तिहार तर राजधानीतच. २०२३ मध्ये केंद्राने इंग्रजांचा जुना कायदा काढून नवा तुरुंग कायदा आणला आणि तो देशभर लागू झाला. सीबीआय आणि एनआयएचे आरोपी केंद्राच्या ताब्यात असतात. पॅरोल आणि शिक्षेतली सूट केंद्रीय गृहमंत्रालय ठरवतं. पैसाही दिल्लीहूनच येतो. तेव्हा तुरुंगातली गर्दी, आजारपण, कोठडीतले मृत्यू याबद्दल राज्य सरकारला किंवा आमदाराला जाब विचारण्यात अर्थ नाही.

यातले बहुतेक मुद्दे चुकीचे आहेत. जे थोडेफार खरे आहेत, त्यांतून हा शेवटचा निष्कर्ष निघत नाही. मी कायदेशीर मदतीच्या कामात आहे आणि कैद्यांच्या नातेवाइकांशी माझं सतत बोलणं होतं. मुलाला घराजवळच्या तुरुंगात हलवावं म्हणून थेट पंतप्रधान कार्यालयाला पाठवलेल्या अर्जाची प्रत घेऊन माणसं येतात. तो अर्ज दिल्लीहून मंत्रालयात येतो, तिथून पुण्याला आणि पुण्याहून अखेर त्याच तुरुंगाच्या अधीक्षकांकडे, जिथे तो पहिल्या दिवशी हातात देता आला असता. मधले महिने त्या घराचे वाया जातात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘तुरुंग हे केंद्राचं खातं आहे’

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : केंद्राची, राज्यांची आणि समवर्ती. राज्यसूचीतली चौथी नोंद तुरुंगांची आहे. तुरुंग, सुधारगृहं, बोर्स्टल संस्था (तरुण गुन्हेगारांच्या सुधारशाळा), तशाच प्रकारच्या इतर संस्था आणि त्यांत ठेवलेल्या व्यक्ती, हे सगळं त्या एका नोंदीत येतं. एका राज्याने दुसऱ्या राज्याचे तुरुंग वापरायचे असतील तर त्याची आपसातली व्यवस्थासुद्धा तिथेच आहे. भिंती, बराकी आणि कर्मचारी राज्याकडे आणि आत ठेवलेला माणूस मात्र दुसऱ्या कोणाकडे, अशी वाटणी घटनेने केलेली नाही.

ही व्यवस्था १९५० साली अचानक आलेली नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही तुरुंग प्रांतिक यादीतच होते. त्याआधीचा १८९४ चा तुरुंग कायदा इंग्रजांच्या केंद्रीय सरकारने केला, हे खरं. पण तो कायदा वाचला तर दिसतं की कारागृह महानिरीक्षक नेमायचा राज्य सरकारने आणि नियम करायचे तेही राज्य सरकारनेच. स्वातंत्र्यानंतर तो चालू राहिला, आणि प्रत्येक राज्याने त्याच्याखाली आपापली नियमावली उभी केली. महाराष्ट्राची स्वतःची कारागृह नियमावली आहे, तामिळनाडूची वेगळी, पश्चिम बंगालची वेगळी.

संसदेत तुरुंगांबद्दल प्रश्न आला की गृहमंत्रालयाच्या लेखी उत्तरात हे हटकून सांगितलेलं असतं : तुरुंग आणि त्यातल्या व्यक्ती हा राज्यसूचीतला विषय असून कारागृहांचं प्रशासन व व्यवस्थापन ही संबंधित राज्य सरकारांची जबाबदारी आहे. केंद्र स्वतःच वर्षानुवर्षं लेखी देत असलेली ही गोष्ट आहे.

केंद्राकडे काय आहे? प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा एक भाग : देशाचं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार किंवा भारताची सुरक्षा या कारणांसाठी अटकेत ठेवलेल्या व्यक्ती केंद्रसूचीतल्या नवव्या नोंदीत येतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कैदी नेण्याचा विषय समवर्ती सूचीत आहे. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रियाही समवर्ती सूचीत आहेत. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची असून तिच्याकडे पुढे येतेच.

‘सेंट्रल जेल म्हणजे केंद्राचं जेल’

मध्यवर्ती, जिल्हा, उपकारागृह, खुलं, महिला, विशेष ही तुरुंगांची वर्गवारी आहे. ती मुख्यतः क्षमता आणि आत ठेवायच्या कैद्यांच्या शिक्षेच्या मुदतीवरून ठरते. दीर्घ शिक्षेचे कैदी साधारणपणे मध्यवर्ती कारागृहात जातात, आणि त्याचा निकषही राज्याराज्यात बदलतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,३३० तुरुंग नोंदले आहेत. त्यातली १४८ मध्यवर्ती. महाराष्ट्रातली नऊ अशी : येरवडा, मुंबईचं आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल, कोल्हापूरचं कळंबा, अमरावती आणि नागपूर.

या नवांपैकी एकाही ठिकाणी केंद्र सरकारचा अधीक्षक नाही. लाल गेटवरच्या शिपायापासून तुरुंगाधिकाऱ्यापर्यंत सगळे राज्याचे नोकर आहेत. त्यांच्या वर पुण्यात कारागृह महानिरीक्षकांचं कार्यालय आणि त्याच्या वर मंत्रालयातला गृह विभाग. महानिरीक्षक बहुधा आयपीएस असतात, म्हणून ते केंद्राचे अधिकारी असाही एक समज आहे. आयपीएस ही अखिल भारतीय सेवा आहे, पण त्या खुर्चीवर कोणाला बसवायचं आणि कधी हलवायचं हे राज्य सरकार ठरवतं.

‘निदान तिहार तरी केंद्राचं’

तिहार सुरू झालं तेव्हा ते पंजाब राज्याकडे होतं. १९६६ मध्ये ते दिल्लीकडे आलं. पुढे दिल्लीला विधानसभा मिळाली. तिला कायदे करता येत नाहीत असे राज्यसूचीतले मुख्य विषय तीन : सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन. तुरुंग या वगळलेल्या विषयांत नाहीत. म्हणून दिल्ली विधानसभेने २००० साली स्वतःचा दिल्ली तुरुंग कायदा केला आणि त्याखाली २०१८ चे दिल्ली कारागृह नियम आले. तिहार, रोहिणी आणि मंडोली मिळून दिल्लीतली सोळा कारागृहं याच कायद्याखाली, दिल्ली सरकारच्या गृह विभागामार्फत चालतात. तिहारच्या पहाऱ्यावर तामिळनाडूचं विशेष पोलीस दलही असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

दिल्लीचं चित्र अर्थात महाराष्ट्राइतकं सरळ नाही. दिल्ली पोलीस केंद्राकडे, अधिकाऱ्यांच्या नेमणुकांवर नायब राज्यपालांचा वरचष्मा, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो आणखी पक्का झाला. त्यामुळे तिहारवर केंद्राचा प्रभाव नाही असं मी म्हणणार नाही. पण दिल्लीच्या अपवादावरून येरवड्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

केंद्राचं थेट राज्य असलेले तुरुंग आहेत ते विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांत : चंदीगड, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, लडाख, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. गोवाही ३० मे १९८७ पर्यंत केंद्रशासित होता. घटक राज्य झाल्यापासून तिथला तुरुंग गोवा सरकारचा. २०१५ मध्ये आग्वादचा तुरुंग बंद होऊन कैदी कोलवाळला गेले, ते गोवा सरकारच्याच कारागृहात.

‘२०२३ चा नवा कायदा देशभर लागू झाला’

हा मुद्दा सर्वांत जास्त दिशाभूल करतो, कारण त्यात एक खरी घटना आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने ‘आदर्श कारागृहे व सुधारसेवा अधिनियम’ तयार करून राज्यांकडे पाठवला. बातम्यांमध्ये ‘१३० वर्षांचा कायदा जाणार’ असे मथळे आले. पण त्यातला ‘आदर्श’ हा शब्द नमुना या अर्थी आहे. संसदेने असा कोणताही कायदा मंजूर केलेला नाही. राज्यसूचीतल्या विषयावर संसद एरवी सगळ्या देशासाठी कायदा करू शकत नाही. त्यासाठी राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करावा लागतो किंवा राज्यसभेच्या दोन तृतीयांश बहुमतासारखी असाधारण वाट धरावी लागते. म्हणून केंद्राने मसुदा दिला आणि राज्यांना तो स्वीकारण्याची विनंती केली. म्हणूनच महाराष्ट्र सरकारला डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात कारागृहे आणि सुधारसेवांचं स्वतंत्र विधेयक आणावं लागलं. केंद्राचा कायदा आपोआप लागू झाला असता, तर विधानसभेत हे विधेयक मांडायचं कारणच नव्हतं.

नमुना आणि कायदा यांतला फरक कागदी वाटेल, पण त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. २०१६ मध्ये केंद्राने आदर्श कारागृह नियमावली काढली. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जातीच्या आधारे व्यवस्था करू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. तरीही अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जातीवर काम वाटणारी कलमं तशीच राहिली : स्वयंपाकाला अमुक जातीचा माणूस, मैला आणि झाडलोटीला तमुक जातीचा. विमुक्त जमातींच्या लोकांना जन्मानेच सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही होत्या. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने हे उघड केलं आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्यांच्या नियमावल्या तपासल्या गेल्या त्यांत महाराष्ट्राचीही होती. फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात भाषण सुरू होत नाही त्या राज्याची नियमावली या यादीत असावी, याचा मला आजही संताप येतो.

या निकालाचा आदेश कोणाला होता तेही पाहा. सर्व राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी तीन महिन्यांत आपापल्या नियमावल्या बदलाव्यात. केंद्राने त्याच मुदतीत २०१६ ची आदर्श नियमावली आणि २०२३ चा आदर्श कायदा दुरुस्त करावा. केंद्राने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या नमुन्यात दुरुस्ती केली आणि राज्यांना पत्र लिहिलं. पण नमुना दुरुस्त झाल्याने कळंब्यातल्या किंवा अमरावतीतल्या बराकीत काही बदलत नाही. तिथे बदल होतो तो राज्याने आपला नियम बदलला आणि अधीक्षकाने तो अमलात आणला तर. राजस्थानने तर या निकालाची वाट न पाहता २०२१ मध्येच आपल्या नियमांतला जातीवरून काम देणारा भाग काढला होता. राज्याने मनावर घेतलं तर दिल्लीच्या परवानगीची गरज नसते, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

‘सीबीआय-एनआयएचे आरोपी केंद्राच्या कोठडीत असतात’

अमेरिकेत संघराज्याचे स्वतंत्र तुरुंग आहेत आणि ते चालवणारं खातं १९३० पासून आहे. आपल्याकडे असं खातंच नाही. सीबीआय, एनआयए, ईडी या केंद्राच्या तपास यंत्रणांकडे चौकशीपुरती कोठडी असते. न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली की आरोपी राज्याच्या तुरुंगात जातो आणि शिक्षा झाली की तिथेच भोगतो.

कसाबचं उदाहरण घ्या. देशावरच्या हल्ल्याचा इतका मोठा खटला क्वचितच झाला असेल. पण कसाबला ठेवलं होतं आर्थर रोडला, महाराष्ट्राच्या तुरुंगात. खटलाही त्याच आवारातल्या विशेष न्यायालयात चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला फाशी दिली गेली ती येरवड्यात. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, हा केंद्राचा भाग. त्याच्या पहाऱ्यासाठी इंडो-तिबेटन सीमा पोलिसांचे जवान आले होते आणि त्या दलाने पहाऱ्याचं कोट्यवधी रुपयांचं बिल महाराष्ट्र सरकारकडे पाठवलं. ‘आमचा माणूस तुमच्या तुरुंगाला मदत करतोय, खर्च तुमचा’ असा त्या बिलाचा सरळ अर्थ आहे. तुरुंग केंद्राचा असता तर बिल मुंबईला येण्याचं कारण नव्हतं.

दुसरं उदाहरण लंडनचं. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात भारतीय तुरुंगांच्या स्थितीचा मुद्दा आला, तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी आर्थर रोडच्या बारा नंबरच्या बराकीचा व्हिडिओ मागवला. खटला भारत सरकारचा, तपास सीबीआय आणि ईडीचा, हमी देणारं केंद्र. पण ज्या बराकीची हमी द्यायची ती महाराष्ट्राची. तिथली खिडकी, संडास, उजेड, डॉक्टर, यांतली प्रत्येक गोष्ट राज्याच्या कारागृह विभागाकडून घेतल्याशिवाय दिल्लीला लंडनमध्ये तोंड उघडता येत नव्हतं.

तिसरं उदाहरण जास्त वेदनादायक आहे. एल्गार परिषद प्रकरणाचा तपास जानेवारी २०२० मध्ये एनआयएकडे गेला. त्यात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी तळोजा मध्यवर्ती कारागृहात होते. वय ऐंशीच्या पुढे, पार्किन्सन्सने हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. एनआयएने सांगितलं की आम्ही ते जप्त केलेच नाहीत. ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या रुग्णालयात, जामिनाची वाट पाहत, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जामिनाला विरोध केला एनआयएने, आणि ती जबाबदारी केंद्राची. पण तळोजातल्या माणसाला पाणी पिता येतंय की नाही, तुरुंगाच्या दवाखान्यात पुरेसा डॉक्टर आहे की नाही, कोविडच्या दिवसांत त्याची तपासणी वेळेत होते की नाही, हे पाहणं राज्याच्या कारागृह प्रशासनाचं काम होतं. त्या वेळी केंद्रात आणि राज्यात परस्परविरोधी पक्षांची सरकारं होती, त्यामुळे चर्चेत बहुतेकांनी आपल्याला सोयीचा तेवढाच अर्धा भाग उचलला. दोन्ही अर्धे खरे आहेत, आणि एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही.

‘पॅरोल, फर्लो, शिक्षेत सूट : सगळं गृहमंत्रालय ठरवतं’

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. या दोन्ही राज्याच्या नियमांनी मिळतात. महाराष्ट्रात त्यांचे नियम १९५९ साली राज्याने केले आणि पुढच्या दुरुस्त्याही राज्यानेच केल्या. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, आपत्कालीन पॅरोलची तरतूद आली ती याच नियमांत. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२० मध्ये कोणाला सोडायचं हे ठरवण्यासाठी दिल्लीत एक समिती न नेमता प्रत्येक राज्याला स्वतंत्र उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं.

तपास केंद्रीय संस्थेचा असला तरी रजेचा अधिकार राज्याचाच राहतो. डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमला २०१७ मध्ये पंचकुलाच्या सीबीआय न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्याला वारंवार मिळालेले पॅरोल आणि फर्लो हरियाणा राज्याच्या कायद्याखालचे आहेत. त्यावर राग असेल तर तो चंदीगडमधल्या हरियाणा सरकारकडे वळायला हवा.

शिक्षेतली सूट ही तिसरी गोष्ट, आणि इथे केंद्राचा वाटा खरोखर आहे. मुदतीआधी सुटका करण्याचा अधिकार ‘समुचित शासना’ला असतो. ज्या गुन्ह्याचा विषय केंद्राच्या कार्यकारी अधिकारात येतो तिथे केंद्र, बाकी सगळीकडे राज्य. मात्र तपास सीबीआयने किंवा केंद्रीय कायद्याखालच्या दुसऱ्या संस्थेने केला असेल, तर राज्याला केंद्राशी विचारविनिमय करणं बंधनकारक होतं. राजीव गांधी हत्या प्रकरणातल्या श्रीहरन खटल्यात, डिसेंबर २०१५ मध्ये, घटनापीठाने सांगितलं की हा विचारविनिमय म्हणजे सहमतीच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७७ मध्ये तर ‘सहमती’ असाच शब्द आला आहे.

बिल्किस बानो प्रकरण या सगळ्या गुंत्यावरून गेलं. गुन्हा २००२ च्या दंगलीतला सामूहिक बलात्कार आणि हत्यांचा, गुजरातमध्ये, तपास सीबीआयचा, खटला मुंबईत, शिक्षा २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने दिलेली. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने अकरा जणांना सोडलं, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाने जुलैमध्ये त्याला मान्यता दिली होती. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं. मुख्य कारण असं की शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा समुचित शासन महाराष्ट्राचं. गुजरातला तो अधिकारच नव्हता. केंद्राने होकार दिला होता, तरी चुकीच्या राज्याने काढलेला आदेश टिकला नाही. सगळं गृहमंत्रालयच ठरवत असतं तर या निकालाला काही अर्थच उरला नसता.

कैद्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवण्याचंही तसंच. १९५० चा कायदा म्हणतो की एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या संमतीने शिक्षा झालेला कैदी हलवावा. उत्तर प्रदेशातले आमदार मुख्तार अन्सारी पंजाबच्या रोपड तुरुंगात होते, उत्तर प्रदेशला ते परत हवे होते आणि पंजाब तयार नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने आदेश दिल्यावरच ते उत्तर प्रदेशातल्या बांदा तुरुंगात गेले. केंद्राला एका पत्राने हे मिटवता आलं नाही.

‘पैसा दिल्लीहून येतो’

काही येतो. २००२-०३ मध्ये तुरुंगांच्या आधुनिकीकरणाची १,८०० कोटींची योजना आली होती. केंद्राने ७५ टक्के आणि राज्यांनी २५ टक्के द्यायचे होते. त्यातून नवे तुरुंग, बराकी आणि कर्मचाऱ्यांची घरं झाली. २०२१ ते २०२६ साठी ९५० कोटींची आधुनिकीकरण योजना आली. पाच वर्षांत, सगळ्या देशात. राज्यांचा मिळून तुरुंगांवरचा वर्षाचा खर्च कित्येक हजार कोटींत जातो. शिपायांचे पगार, धान्य, औषधं, वीज, दुरुस्ती हे राज्याच्या अर्थसंकल्पातून चालतं. बराक पावसाळ्यात गळते तेव्हा मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जाते.

एका केंद्रीय योजनेचा मात्र मी मुद्दाम उल्लेख करते, कारण ती फार कमी लोकांपर्यंत पोहोचली आहे. २०२३ मध्ये गरीब कैद्यांना मदतीची योजना सुरू झाली. जामीन मंजूर होऊनही रक्कम नाही म्हणून अडकलेल्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्या पक्क्या कैद्याला २५ हजारांपर्यंत, अशी त्या वेळची मर्यादा होती. पैसा केंद्राचा, पण लाभार्थी शोधून मंजुरी द्यायची ती जिल्ह्यातल्या समितीने. जिल्हा यंत्रणा हलली नाही तर केंद्राचा पैसा दिल्लीतच राहतो आणि माणूस आतच राहतो.

‘मग आमदाराला विचारून काय होणार?’

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६. म्हणजे १३१ टक्के. त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, गुन्हा अजून सिद्ध न झालेले. गर्दीचं खरं कारण हे आहे, आणि इथे जबाबदारी खरोखर वाटलेली आहे. जामिनाचे नियम संसदेने केलेल्या संहितेत आहेत. अटक बहुतेक वेळा राज्याचे पोलीस करतात. तारखा न्यायालयं देतात. आरोपीला तारखेला नेण्यासाठी पोलीस पथक देतं राज्य. ते न मिळाल्याने तारीख पुढे गेल्याच्या तक्रारी मी इतक्या ऐकल्या आहेत की त्यांना मी किरकोळ म्हणूच शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे याला अपवाद, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरी हा लाभ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही तो मिळेल. आणि हा अर्ज न्यायालयाकडे करण्याचं कर्तव्य कायद्याने टाकलं आहे कारागृह अधीक्षकावर. कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याच्या एका अधिकाऱ्याच्या टेबलावर. तुमच्या जिल्ह्याच्या तुरुंगातून असे किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, हा प्रश्न लोकसभेत विचारला तर ‘तुरुंग हा राज्याचा विषय आहे’ असं उत्तर मिळेल. विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून विचारला, तर गृहमंत्र्यांना आकडा द्यावा लागेल.

न्यायमूर्ती मुल्ला समितीने (१९८०-८३) तुरुंग समवर्ती सूचीत घ्यावेत अशी शिफारस केली होती. चाळीस वर्षांत ती कोणत्याही सरकारने अमलात आणली नाही. ती योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते तुरुंग राज्याकडेच असलेले बरे, कारण हर्सूलच्या दवाखान्यातला डॉक्टर दिल्लीतून कोणाला दिसणार नाही. पण ती अमलात आलेली नाही, आणि फिरणारा मजकूर ती जणू आलीच आहे असं गृहीत धरतो.

तेव्हा ज्यांच्या घरचं माणूस आत आहे त्यांच्यासाठी. बदली, उपचार, मुलाकात, रजा याचा अर्ज आधी अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुण्याला कारागृह महानिरीक्षकांकडे, मग मंत्रालयात गृह विभागाकडे, आणि सोबत एक प्रत आमदाराला. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथला वकील मोफत असतो. परराज्यातून आणायचं असेल तर दोन्ही राज्यांच्या गृह विभागांना अर्ज करा, कारण संमती दोघांची लागते. सीबीआय किंवा एनआयएचं प्रकरण असेल आणि मुदतीआधी सुटकेचा प्रश्न असेल, तर केंद्राच्या सहमतीचं पत्र कुठवर आलं आहे ते खासदारांमार्फत विचारा.